भैरवीच्या आधी उठणारी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आजही भैरवी राहिली.

नऊला वीस कमी असताना उठले. बाईंनी मारुबिहागातली द्रुत बंदिश नुकती धरली होती, तबलजी गालात हसत होता, पुढच्या रांगेतले लोक मांडीवर ताल धरून डोलत होते — आणि मी आपली पर्स काखेत मारून, पाठ वाकवून, चोरासारखी बाहेर! कोपऱ्यातली शेवटची खुर्ची मी त्यासाठीच धरते. शेजारी रघूअण्णा असतात. पोस्टातून निवृत्त झालेत. कार्यक्रम कोणाचाही असो, सगळ्यांच्या आधी येऊन माझ्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवतात. आज म्हणाले, "निघालात? भैरवी राहिली तुमची." दर वेळी हेच म्हणतात आणि दर वेळी मी हसते. आज हसू आलं नाही.

भैरवी सगळ्यात शेवटी. तिच्यानंतर कोणी काही गात नाही, मैफल संपते. म्हणजे मी आजवर एकही मैफल संपलेली पाहिलेली नाही. कॉलेजात होते तेव्हा वसतिगृहाचं दार आठला बंद व्हायचं. लग्नानंतर वेदिका लहान. आणि मग विठू. मोबाइलवर भैरवी शंभरदा ऐकली असेल, पण ती काय, भांडी घासतानाही लावता येते. समोर बसून, तीन तास गाऊन थकलेल्या माणसाच्या गळ्यातून निघालेली — ती नाही.

घरी वळले तर विठू फाटकाजवळच्या दगडी गडग्यावर बसलेला. हातात विजेरी. माझी स्कूटी दिसली की तो ती लावतो आणि मला फाटकापर्यंत उजेड दाखवतो. स्कूटीला स्वतःचा दिवा असतो हे त्याला अजून पटलेलं नाही. वय अडतीस. माझा पाठचा भाऊ. डॉक्टर म्हणतात, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. आईने त्याला घड्याळातली एकच वेळ शिकवली — मोठा काटा वर, छोटा काटा कॅलेंडरकडे. नऊ. "नऊ वाजले की सगळी घरात." नऊ वाजले आणि कोणी घरात नसलं की तो शोधायला निघतो. आईला जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून तो आमच्याकडे, नाचण्याच्या घरी. आणि तेव्हापासून मी नऊच्या आत घरात. आईने शिकवलं त्याला, बांधलं मला.

"आलीस," एवढंच म्हणाला. मग जेवायला बसला.

११ नोव्हेंबर

मिरजोळ्याला, आमच्या मासळीच्या कारखान्यात, आज कोळंबीचा भरपूर माल. साडेतीनची सुट्टी साडेसहाला झाली. बर्फाने बोटं बधिर. पॅकिंगवरच्या बायकांवर दोनदा ओरडले. चूक एकीचीही नव्हती. सुपरवायझर आहे म्हणून ओरडता येतं, एवढंच.

लिंबाने हात चोळले, डोकं धुतलं, तरी वास आहेच. शेवटच्या खुर्चीचं हे दुसरं कारण. ते रघूअण्णांना सांगितलेलं नाही. त्यांना नाक आहे, कळलं असणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

संगीत महोत्सवाच्या तारखा लागल्या. २३, २४, २५ जानेवारी. तिसऱ्या दिवशी शेवटी धारवाडकडचे बुवा आहेत. वय ऐंशीच्या पुढे. रघूअण्णा फोनवर म्हणाले, "यंदा ऐकून घ्या. पुन्हा इतक्या लांब ते यायचे नाहीत."

संध्याकाळी वेदिकाचा पुण्याहून फोन. तिला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू अख्खा कार्यक्रम ऐकलायस का गं कधी?" मी विषय बदलला, मेसच्या जेवणावर नेला. ही पोरगी बापावर गेली आहे, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवते.

ह्यांना महोत्सवाचं सांगितलं. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं फायली लिहून माणूस कमी बोलायला शिकतो. विठूची दाढी करत होते. दिवसाआड करतात, लग्नात त्यांच्या पदरात असलं काही पडणार हे कोणी सांगितलं नव्हतं, तरी करतात. वस्तरा पुसत म्हणाले, "जा की. मी आहे." ते आहेत, खरं आहे. पण विठूच्या हिशेबात ते पुरत नाहीत. नऊला सगळी घरात म्हणजे सगळी.

२८ नोव्हेंबर

उद्या छोटी बैठक आहे, एका डॉक्टरांच्या घरी, पस्तीस-चाळीस माणसं. हे ऑफिसच्या कामाला चिपळूणला, रात्रीच येतील. रहिमाला विचारलं. शेजारीण म्हणावी तर तशी, बहीण म्हणावी तर तशी. ती म्हणाली, "मी बसतंय त्याच्याजवळ. तू जा. परत परत काय विचारतंस?"

३० नोव्हेंबर, रविवार

लिहिता येत नाही नीट. पण लिहिते.

काल पूरिया चालू होता. मुलगा तरुण, नाव कोणाला ठाऊक नाही, आणि असा गायला की भिंतीवरचं घड्याळ दिसत असून दिसेना. आठ पस्तीस झाले — उठायचं. आठ पन्नास झाले. मी मनाशी म्हटलं, ही एवढी आवर्तनं. समेवर आला की उठते. सम आली, मी उठले नाही. नऊला पाच मिनिटं होती तेव्हाही मी बसलेली होते. मला दिसत होतं घड्याळ. हे मी खोटं लिहिणार नाही.

नऊ वाजून नऊ मिनिटांनी उठले. नऊच मिनिटं.

घरी पोचले तर रहिमा फाटकात उभी. डोक्यावरची ओढणी खाली आलेली. ती भात उतरवायला तिच्या घरात गेली होती, तेवढ्यात हा विजेरी घेऊन निघाला. आम्ही दोघी दोन रस्त्यांनी. मी स्कूटीवर साळवी स्टॉपपर्यंत, तिथून पुढे हायवे. ट्रक एकापाठोपाठ एक. शेवटी पेट्रोल पंपावरच्या माणसाने हाक मारली. विठूला त्यांनी खुर्चीवर बसवलं होतं. गुडघा सोललेला, चप्पल एकच. विजेरी चालूच. रस्त्याच्या मधोमध उभा राहून येणाऱ्या गाड्यांवर प्रकाश मारत होता म्हणे — मी कुठल्या गाडीत आहे ते बघायला.

मला बघून म्हणाला, "ताई, नऊ वाजले." रागाने नाही. मलाच माहीत नसेल तर, म्हणून.

रहिमा रडली. म्हणाली, माझी चूक. मी म्हटलं, तुझी कसली? मग माझ्या पायरीवर बसली. तिचा नवरा बावीस वर्षं कुवेतला होता. म्हणाली, "वाट बघणाऱ्याला घड्याळ देव नये गो. तुझ्या आयशीनं ती एक चूक केलान."

१ डिसेंबर

विठूबद्दल हे बोलले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पालीच्या पुढे संस्था आहे. अशांसाठीच. आमच्या ऑफिसातल्या शिपायाचा भाऊ आहे तिथे. बघून तर येऊ."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्यांचा भाऊ असता तर, असंही म्हटलं. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "तुझा आहे म्हणूनच म्हणतोय. तू पंचेचाळीसची आहेस. मी बावन्नचा. आपल्यानंतर वेदिकाने नऊच्या आत घरात यायचं का?"

मी उठले. भांडी आपटली.

४ डिसेंबर

कामावर. घर. काम. गाणं लावलं नाही. लावावंसं वाटलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

संस्था बघून आलो. विठूला रहिमाकडे ठेवलं.

पालीच्या पुढे कोल्हापूर रस्त्यावरून आत वळायचं. जांभ्याची बैठी इमारत, भोवती काजूची झाडं. बत्तीस जण आहेत. कोणी पंचविशीतला, कोणी पासष्टचा. मला वाटलं होतं घाण असेल, ओरडाआरडा असेल, म्हणजे नाही म्हणायला सोपं गेलं असतं. तसलं काही नव्हतं. ओटीवर बसून सगळे कागदी पिशव्या चिकटवत होते. एकाने मला पिशवी दिली आणि परत घेतली.

तिथल्या मुख्य बाई काशीताई. साठीच्या, आवाज घोगरा, पदर खोचलेला. मी शंभर प्रश्न विचारले. फिट आली तर? खाल्लं नाही तर? भिंतीवर घड्याळ का नाही?

"कशाला हवंय? सातला फाटक बंद. मग आतलं कोण बाहेर नाय, बाहेरचं कोण आत नाय. जेवायचं नि झोपायचं. उजाडलं की उठायचं."

मी म्हटलं, तो मला सोडून राहिला नाही कधी. काशीताई म्हणाल्या, "सगळीच असं सांगतात हो. दहा दिवस ठेवून बघा. त्या दहा दिवसांत यायचं मात्र नाही. फोन करायचा तो मला. नाही रमला तर खुशाल घेऊन जा."

जागा जानेवारीत व्हायची होती. कधी आणता, असं त्यांनी विचारलं.

मीच म्हटलं, "बावीस जानेवारीला."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. महोत्सवाची तारीख त्यांना ठाऊक होती, मीच दहादा सांगितलेली. परत येताना सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत होते.

१५ डिसेंबर

बावीसच का म्हटलं?

वीस म्हणता आलं असतं. एक फेब्रुवारी म्हणता आलं असतं.

इथे तरी खरं लिहावं. ताकाला जाऊन भांडं कोणापासून लपवायचं, वहीपासून? मला भैरवी ऐकायची आहे. त्यासाठी मी भावाला दहा दिवस बाहेर ठेवते आहे. बाकीचं सगळं — त्याचं भलं, वेदिकाचं भविष्य, आमचं वय — खरंच आहे. पण तारीख त्यातून आलेली नाही.

२८ डिसेंबर, रविवार

विठूला घेऊन भाट्याला गेले. त्याला वाळूत पाय पुरून बसायला आवडतं. समोर लाट आली की म्हणतो, "आली." मागे गेली की गप्प. परत आली की "आली." दोन तास हेच. मी त्याला सांगायला तोंड उघडलं की तुला एका ठिकाणी जायचं आहे, तिथे मुलं आहेत, पिशव्या आहेत. त्याने विचारलं, "तू येणार?" मी म्हटलं, "सोडायला येणार." त्याची नजर पुन्हा लाटेवर गेली.

परतताना त्याला शहाळं घेऊन दिलं. लाच.

११ जानेवारी २०२६, रविवार

रघूअण्णा भाजीबाजारात भेटले. म्हणाले, "तिन्ही दिवस? शेवटपर्यंत? मग आता पुढची खुर्ची धरतो तुमच्यासाठी." मी म्हटलं, नको, तीच असू दे. त्यांना वाटलं भिडस्तपणा. पुढच्या रांगेत कोळंबीचा वास दरवळला तर बुवा गाणं थांबवतील, हे त्यांना कसं सांगू!

हसले मात्र मी आज. बऱ्याच दिवसांनी. घरी येऊन विठूचे कपडे काढले, प्रत्येकावर नाव शिवलं. काशीताईंनी सांगितलं होतं तसं.

२२ जानेवारी, गुरुवार

सोडून आले.

रजा काढली होती. दोन पँटी, चार शर्ट, स्वेटर, गोळ्या, आईचा फोटो. विजेरी त्याने स्वतः घेतली. नव्या सेलसकट.

तिथे गेल्यावर तो माझ्या ओढणीचं टोक धरून होता. काशीताईंनी त्याच्या हातात कागद दिला, खळीची वाटी समोर ठेवली. ओढणी सुटली. काशीताईंनी मला डोळ्याने खूण केली, निघा. आणि मी — घरातून निघताना कोणी जाते म्हणत नाही, येते म्हणतात, पोरीला चालायला यायच्या आधी हे शिकवतात, मी विठूला रोज कामाला निघताना 'येते' म्हणते — आज मी म्हटलं, "जाते हं विठू."

तोंडातून निघून गेलं. परत घेता येईना. त्याने मान वर केली. त्याला या गोष्टी बरोबर कळतात. हे म्हणाले, "असू दे, चल." गाडीत बसल्यावर मी मोठ्याने 'येते, येते' म्हटलं. ऐकायला ड्रायव्हर होता.

नऊ वाजता आम्ही दोघं टीव्हीसमोर. टीव्ही बंद. गडग्यावर कोणी नाही. हे उठले, फाटकाला कडी घालून आले. ती कडी आजवर मी आल्यावर विठूच घालायचा.

२३ जानेवारी, शुक्रवार

दुपारी काशीताईंना फोन. "रात्री दारात बसला होता. विजेरी घेऊन. दहाला झोपला तिथेच. मग आत नेला."

संध्याकाळी गेले महोत्सवाला. जाऊ नये असं वाटलं, तरी गेले. आधी सतार, मग एक मुलगी गायली. पावणेनऊला पाय आपोआप खुर्चीखालून पर्स शोधायला लागले. रघूअण्णांनी हळूच मनगटावर हात ठेवला, "बसा." बसले. नऊ वाजले. सव्वानऊ. गाण्यातलं काही आठवत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

दोन ट्रॉलरचा माल एकदम आला. सुटले ती सात वाजता, गणवेशावरच स्कूटी मारून नाट्यगृहात. शेवटच्या खुर्चीवर. केसांत जाळी तशीच होती, ते एका बाईने सांगितल्यावर कळलं. कामावर चिडचिड, घरात मुकेपण, आणि इथे येऊन मी तिसरीच. अशी तीन ठिकाणी वाटलेली बाई कुठल्याच ठिकाणी पुरी पडत नाही.

काशीताई, फोनवर: "काल रात्रीही दारात बसला. पण कमी वेळ."

२५ जानेवारी, रविवार

ऐकली.

बुवांना दोघांनी धरून वर आणलं. पहिली वीस मिनिटं आवाज लागेना. मागचे लोक चुळबुळ करायला लागले, दोघंतिघं उठूनही गेले — मी पहिल्यांदाच दुसऱ्यांना उठताना बघत होते. मग यमन असा उघडला की कोणाला हलता येईना. आणि साडेनऊच्या सुमारास त्यांनी पाणी मागितलं, घोटभर प्याले, तानपुरे पुन्हा लावून घेतले. रघूअण्णा सावरून बसले. मी समजले.

मोठी नव्हती. वीस-पंचवीस मिनिटं. पहिला स्वर लागला तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांना एकदमच कळलं की आता हे संपणार. गाणारा निरोप घेतोय आणि घाई करत नाही. दाराशी चपला घालून उभा राहिलेला पाहुणा बोलत राहतो ना, तसं. म्हातारा माणूस डोळे मिटून, थांबून थांबून. त्याचा श्वास शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

फार सुंदर होती. वाईट असती तर किती बरं झालं असतं.

आणि आणखी एक लिहायचं आहे. त्या वीस-पंचवीस मिनिटांत मला विठूची आठवण आली नाही. एकदाही नाही. टाळ्या झाल्या, दिवे लागले, तेव्हा आली.

रघूअण्णांनी हात जोडले. डोळे पुसत होते. "झालं की नाही मनासारखं?" मी हो म्हटलं. स्कूटी नाचण्याच्या वळणावर आली. अंधार. मीच फाटक उघडलं.

२६ जानेवारी

सुट्टी. दिवसभर पडून. ह्यांनी चहा करून दिला, त्यात साखर नव्हती, तसाच प्याले.

काशीताईंना फोन केला नाही. काय सांगतील त्याची भीती. दारात बसला असेल तर एक भीती. बसला नसेल तर —

ते वाक्य पुरं करता आलं नाही.

२८ जानेवारी

काल रहिमा आली होती, तांदळाचे पोळे घेऊन — तिच्या हातचे विठूला आवडतात, सवयीने त्याच्या वाटचे दोन जास्त आणलेन. ठेवून घेतले. आज मोरीत टाकले, खराब झाले होते.

२९ जानेवारी, गुरुवार

ठरलं. आणायचा त्याला.

ह्यांना जेवताना सांगितलं. वाद घालतील वाटलं होतं. म्हणाले, "मलाही करमत नाही. सकाळी वस्तरा काढतो आणि परत ठेवतो." या माणसाला मी पंचवीस वर्षांत पुरतं ओळखलं नाही.

एकदा ऐकली, पुरे झालं. माणसाने हावरटपणा करू नये. आता पुन्हा आठ चाळीसला उठायचं, पाठ वाकवून बाहेर पडायचं, आणि तक्रार करायची नाही. वेदिकाच्या वेळचं वेदिकाच्या वेळी बघू. ती मोठी आहे, तिच्याशी बोलू. मी आहे तोवर मी नऊच्या आत घरात असेन. त्याला माझी गरज आहे, आणि हे मी उपकार म्हणून लिहीत नाही. मलाच कोणीतरी गडग्यावर हवं आहे.

हे लिहिल्यावर हलकं वाटलं.

३१ जानेवारी

त्याची खोली झाडली. चादर बदलली. बाजारातून मोरी मासा आणला, उद्या त्याच्या आवडीचं कालवण. रहिमाला सांगितलं तर म्हणाली, "पोळे करतंय उद्या. गरम."

भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मंद झाला होता, नवा घातला. दहा मिनिटं मागे पडत होतं.

१ फेब्रुवारी, रविवार

पालीहून एकटीच परत आले.

ओटीवर होता. पिशवीला खळ लावत. अंगावर दुसऱ्याचाच शर्ट, दाढी वेडीवाकडी केलेली, चेहरा भरलेला. मला बघून हसला. मी म्हटलं, "चल विठू, घरी." त्याने ती पिशवी पुरी केली, बाजूला ठेवली, हात पुसले. मग म्हणाला, "ताई, तू जा. मी हितं ऱ्हातो."

"का रे?"

"हितं कोण जात नाय."

काशीताई म्हणाल्या, चौथ्या दिवसापासून दारात बसला नाही. सातला फाटक लागलं की एकेकाला बोट लावून मोजतो, आणि सगळ्यांच्या आधी झोपतो. घरी तो असा कधी झोपला नव्हता.

निघाले तेव्हा धावत आत गेला. विजेरी आणून माझ्या हातात दिली. म्हणाला, "तुला लागंल. तू जातेस ना."

आत्ता नऊ वाजले. मी घरात आहे.